गिधाडही उम्मतच

विद्यापीठात जैवविविधता शिकणाऱ्याला घरचे, शेजारचे हमखास विचारतात, या प्राण्यांचा उपयोग काय? गिधाडाचेच पाहा. ओंगळ म्हणून त्याला कुणी मोजलेही नाही. १९९० नंतर भारतातल्या काही जातींची ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडे निकामी होत. संशोधकांनी हे २००४ साली दाखवून दिले; २००६ मध्ये गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. मढी उघड्यावर कुजू लागली, तेव्हा गिधाडाची किंमत कळली.

पण उपयोग कळल्यावरच जीव जपायचा, तर ज्याचा उपयोग अजून कुणालाच ठाऊक नाही त्या बेडकाचे काय? कुरआनच्या सूरह अल्-अनआममध्ये पशुपक्ष्यांनाही उम्मत म्हटले आहे. उम्मतीला आपला उपयोग सिद्ध करावा लागत नाही. माणूस खलिफा आहे, म्हणजे पराई अमानत सांभाळणारा. अमानतीत किती घट झाली, हे विज्ञान मोजून सांगते. जाब मात्र मालकापुढे आपल्यालाच द्यायचा आहे. आपल्या मुलामुलींनी हे शास्त्र शिकावे, ते हा हिशेब नीट मांडता यावा म्हणून.