उचल, शब्द आणि पूर्वसूचना

शिरूर कासार तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे जाणारा ऊसतोड कामगार टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेतो आणि नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून शब्दाने बांधली जाते. दुसरीकडे अधिक दर मिळत असेल, तर न सांगता टोळी सोडणे धर्म्य ठरते काय? एक कोयता कमी झाला की मोळ्या बांधून गाडी भरण्याचे ओझे उरलेल्यांवर पडते; म्हणून पूर्वसूचना हे मुकादमापेक्षा सोबत्यांचे ऋण ठरते. मात्र उचलीपोटी काम निवडण्याचे स्वातंत्र्य हिरावणारा व्यवहार १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने रद्दबातल ठरवला आहे, कारण वचन मोकळ्या माणसालाच बांधू शकते. सोडण्याचा हक्क असेल, तरच सांगण्याच्या कर्तव्याला नैतिक अर्थ येतो.