न सापडलेले टोक

'इथे घडा नाही' हे कळते कशाने, हा भारतीय प्रमाणशास्त्रातला जुना वाद. भाट्ट मीमांसक त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे 'न आढळणे', हे वेगळे प्रमाण मानतात. नैयायिकांच्या मते अभावही प्रत्यक्षानेच कळतो. एका अटीवर मात्र दोघांचे जमते: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात न दिसलेल्या घड्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. या अटीला योग्यता म्हणतात, आणि प्रथिनाची टोके शोधणाऱ्या पद्धतींची खरी तुलना हिच्याच आधारे होते.

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. तिच्या एका टोकाला मोकळा अमिनो गट असतो, ते एन-टोक, दुसरे सी-टोक. फ्रेडरिक सँगर यांनी १९४५ मध्ये इन्सुलिनच्या एन-टोकांना पिवळा रंग देणारे रसायन जोडून साखळ्या आम्लात तोडल्या. रंगलेली ग्लायसीन आणि फिनाइलअॅलनिन निघाली. बाकीच्या साखळीचा चुराडा झाला. पेअर एडमन यांच्या १९५० च्या पद्धतीत टोकाचे एकच आम्ल सुटते आणि उरलेली साखळी पुढच्या फेरीसाठी शाबूत राहते. तरीही दर फेरीला ९८ टक्के यश धरले, तर पन्नासाव्या फेरीपर्यंत जेमतेम ३६ टक्के रेणू तालात उरतात.

दोन्ही पद्धतींना मोकळा अमिनो गट लागतो. तंबाखूच्या मोझॅक विषाणूच्या कवच-प्रथिनात तो सापडेना. टोकच नाही असे म्हणणे सोपे होते, पण कोझो नारिता यांनी १९५८ मध्ये दाखवले की टोकाच्या सेरीनवर अॅसिटिल गट बसलेला आहे. टोक होते, पद्धतच आंधळी होती. मानवी पेशीतली बहुसंख्य प्रथिने अशीच झाकलेली असतात, त्यामुळे एडमनच्या पद्धतीची शांतता हा पुरावा म्हणून फार कमकुवत.

सी-टोकाकडून एकेक आम्ल सोडवणारे कार्बॉक्सिपेप्टिडेज हे विकर विषाणूच्या याच कवच-प्रथिनावर वापरले तेव्हा फक्त थ्रिओनिन सुटले. त्याआधीचे अॅलनिन प्रोलिनला जोडलेले आहे आणि तो बंध या विकराला तोडता येत नाही. विकर थांबले म्हणजे साखळी संपली, असे नव्हे.

मास स्पेक्ट्रोमेट्री टोक मोकळे असण्याची वाट पाहत नाही. ती तुकड्यांचे वस्तुमान मोजते. अॅसिटिल गट तिथे ४२ डाल्टनची वाढ म्हणून उघड दिसतो. पण ल्यूसीन आणि आयसोल्यूसीन यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे, तेव्हा हा भेद साध्या मोजणीला दिसत नाही. एडमनला तो सहज कळतो. शिवाय क्रम बहुधा आधी साठवलेल्या माहितीशी जुळवून ठरतो. नैयायिक याला शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू स्रोताच्या सांगण्यावरून झालेले ज्ञान, म्हणाले असते, आणि फारसे चुकले नसते.

खरोखर टोक नसलेली प्रथिनेही असतात. कालाटा बी१ हे २९ आम्लांचे वनस्पती-प्रथिन वर्तुळाकार आहे. एडमनपुढे तेही झाकलेल्या टोकाइतकेच गप्प. फरक वस्तुमानात सापडतो: त्याच आम्लांच्या सरळ साखळीपेक्षा वर्तुळ पाण्याच्या एका रेणूने, म्हणजे १८ डाल्टनने हलके भरते. इथे टोकाचा अभाव कळतो तो काही न दिसल्यामुळे नव्हे, एका मोजलेल्या खुणेवरून; म्हणून हे ज्ञान अनुपलब्धीचे नाही, अनुमानाचे आहे.