आधी सलाम कोणी करायचा?

मराठीत 'सलाम ठोकणे' असा वाक्प्रचार आहे. सत्तेपुढे मान तुकवणे, हा त्याचा अर्थ. मंगेश पाडगावकरांच्या १९७८ सालच्या 'सलाम' या संग्रहातली त्याच नावाची कविता याच लाचारीवर बोट ठेवते. आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक मुलांना शिकवतो की सलाम म्हणजे सलामती, शांती. मुले बाजारात जातात तेव्हा हा दुसरा सलामही त्यांच्या कानी पडतो. मग खरा अर्थ कोणता?

आम्हाला वाटते, तो दोन माणसांच्या नात्यावरून ठरतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी बांधव अभिमानाने एकमेकांना 'जोहार' करतात. पूर्वी महाराष्ट्रात हाच जोहार महारांनी वरच्या जातींना घालायचा, अशी रीत होती. चोखोबांच्या अभंगांतही तो आला आहे. शब्द तोच, एकीकडे सक्ती, दुसरीकडे स्वाभिमान.

'जय भीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. 'अस्सलामु अलैकुम'ला 'व अलैकुमुस्सलाम' असे उत्तर देतात, हे एका मौलवींकडून समजल्यावर त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यांना सलामातले काय भावले असेल? आमच्या मते, बरोबरी. मालकाचा सलाम वेगळा आणि नोकराचा वेगळा, असे त्यात नाही.

कुरआनात (सूरह निसा, आयत ८६) अभिवादनाचे उत्तर त्याहून चांगले, निदान तितकेच द्यावे, असा आदेश आहे. हदीस सांगते, स्वाराने पायी चालणाऱ्याला, चालणाऱ्याने बसलेल्याला आधी सलाम करावा. म्हणजे ज्याचे आसन उंच, त्यानेच आधी नम्र व्हावे.

कोणी म्हणेल, लहानाने मोठ्याला सलाम करावा, हेही हदीसमध्येच आहे; गुरुजींनीच आधी सलाम केला तर अदब कुठे राहील? खरे आहे. पण पैगंबर (स.) मुलांजवळून जाताना स्वतः त्यांना सलाम करीत, हीही हदीसच आहे. त्याने त्यांचा मान तसूभरही घटला नाही.

सलाम म्हणावे, नमस्कार, जोहार की जय भीम, यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. ते होत राहोत. मोटारसायकलवरून शाळेत जाणाऱ्या आम्हा मास्तरांसमोरचा प्रश्न साधा आहे. वाटेत मोळी घेऊन पायी चाललेली बाई भेटते, फाटकाशी शिपाईमामा उभे असतात. त्यांच्या तोंडचा शब्द कोणताही असो, आधी कोणी बोलायचे?