पुस्तक मोकळं कधी होतं?

नागपूरच्या एखाद्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कॉपीराइटचा विषय काढला, की साधारण दोन मतं ऐकू येतात. एक, इंटरनेटवर मिळतं ते सगळ्यांचं. दुसरं, ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापलेल्या पुस्तकाचं एक पान जरी झेरॉक्स केलं तरी गुन्हा. दोन्ही चूक. आणि दोन्ही मतांची मंडळी झेरॉक्सच्या एकाच दुकानात रांग लावून उभी असतात, हा भाग वेगळा.

हा हक्क सुरुवातीला लेखकाचा नव्हताच. तो छापखानेवाल्यांचा मक्ता होता. इंग्लंडमध्ये 1710 साली लागू झालेल्या कायद्यानं तो लेखकाला दिला आणि त्याला मुदतही घातली: 14 वर्षं, लेखक हयात असल्यास आणखी 14. विद्येला उत्तेजन मिळावं, हा हेतू त्या कायद्याच्या शीर्षकातच होता. म्हणजे लेखकाला मोबदला आणि काही काळानं समाजाला पुस्तक, असा तो सौदा. पुढे मुदत वाढत गेली. आपल्याकडे 1847 आणि 1914 नंतर 1957 चा कायदा आला, तेव्हा ती लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं होती. रवींद्रनाथांचं साहित्य 1991 अखेर मोकळं होणार म्हटल्यावर 1992 मध्ये ती 60 केली गेली. एका लेखकासाठी सगळ्या देशाच्या वाचकांना दहा वर्षं थांबवणं मला तरी पटत नाही.

ही मुदत कशी मोजायची, ते दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत छान समजतं. डॉ. आंबेडकरांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 चं. साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. म्हणून 1936 साली, त्यांच्या हयातीत निघालेलं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ 1 जानेवारी 2017 ला मोकळं झालं. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ मात्र त्यांच्या पश्चात, 1957 मध्ये प्रसिद्ध झालं. अशा पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून धरतात, त्यामुळे ते आणखी एक वर्ष बंधनात राहिलं. मूळ ग्रंथ मोकळा झाला तरी त्याचा नवा अनुवाद अनुवादकाचाच असतो. महाराष्ट्र शासनानं 1979 पासून काढलेल्या खंडांसाठी नागपूरच्याच वसंत मून यांनी जे संपादन केलं, त्यातल्या प्रस्तावना-टिपांचा हिशेबही निराळा. आणि आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’? महाराज 1968 साली गेले. म्हणजे 2028 संपेपर्यंत ती बंधनातच आहे. सुरेश भटांच्या गझला 2063 अखेरपर्यंत.

मुदत चालू असतानाही वर्गाला कायद्यानं वाट ठेवली आहे, आणि नेमकं हेच कॉलेजांत कोणी सांगत नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेली प्रत, परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत घेतलेला उतारा, हे कलम 52 प्रमाणे उल्लंघन नाही. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं. पानांची टक्केवारी ठरलेली नाही. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. इथे तराजू पहिल्यांदाच उघडपणे विद्यार्थ्याकडे झुकला. याचा अर्थ अख्खं क्रमिक पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला परवानगी मिळाली, असा कोणी काढू नये. गॅदरिंगचंही तसंच: विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढ्यांपुढे विद्यार्थ्यांनी केलेल्या नाटकाला लेखकाची परवानगी लागत नाही, तिकीट लावून गावाला बोलावलंत, की लागते.

सर्वांत मोठा गोंधळ मात्र वाङ्मयचौर्याचा. गडकऱ्यांची मुदत कधीच संपली. त्यांचा उतारा छापायला कोणाला विचारावं लागत नाही, पण तो स्वतःच्या नावावर खपवला तर ती चोरीच. उलट, मूळ लेखकाचं नाव प्रामाणिकपणे देऊन आजचं अख्खं पुस्तक छापलं, तर चौर्य नाही, कॉपीराइटचा भंग आहे. यूजीसीचे 2018 चे नियम पहिल्या प्रकारासाठी आहेत. सॉफ्टवेअरनं 10 टक्क्यांखाली आकडा दाखवला, म्हणजे कॉपीराइटचाही प्रश्न मिटला, असं समजणारे मार्गदर्शक थोडेथोडके नाहीत.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी शेवटचं. प्रबंध तुम्ही लिहिलात, तर एरवी तो तुमचा. मार्गदर्शकाचं नाव मुखपृष्ठावर आलं म्हणून तो त्यांचा होत नाही, आणि शोधगंगेवर चढवला म्हणून सगळ्यांचाही होत नाही. तो हातचा जातो प्रकाशकाच्या करारावर न वाचता सही केली की. तेव्हा कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या भाषांसाठी देता आहात, ते आधी वाचा आणि मगच सही करा.