अस्तराआडचे काम

इंग्लंडच्या कालव्यांवर चालणारी नवी नॅरोबोट बहुधा दोन ठिकाणी घडते. एका कारखान्यात पोलादी सांगाडा वेल्डिंग करून उभा राहतो. तळाला १० मिलिमीटर जाडीचा पत्रा, बाजूंना ६ आणि वरच्या केबिनला ४ मिलिमीटरचा, हे आज रूढ झालेले माप. रुंदी ६ फूट १० इंच, कारण अठराव्या शतकात बांधलेली अरुंद लॉक्स जेमतेम सात फूट रुंद आहेत. इंजिन आणि सुकाणू बसवून अशी रिकामी बोट मालकाच्या हवाली केली की तिला ‘सेलअवे’ म्हणतात. त्या पोलादी पोकळीत राहण्याजोगे घर उभे करण्याचे काम पुष्कळदा दुसऱ्या यार्डात होते. हे यार्ड कसे निवडायचे, हा प्रश्न वरवर पैशाचा आणि सोयीचा दिसतो. खोलात गेले तर तो प्रमाणशास्त्राचा आहे: जे काम पुढे कधीच डोळ्यांना दिसणार नाही, ते चांगले झाले आहे हे कशाच्या आधारे जाणायचे?

कामाचा क्रमच असा आहे की महत्त्वाचे ते आधी होते आणि झाकले जाते. बोट पाण्यात सरळ आणि पुरेशी खोल बसावी म्हणून तळाशी विटा, फरश्या किंवा पोलादाचे तुकडे रचतात. त्यावर प्लायवूडची जमीन येते. बाजूंच्या पत्र्यावर आतून उष्णतारोधक फोम फवारतात. मग विजेच्या तारा, पाण्याचे आणि गॅसचे पाइप. शेवटी या सगळ्यावर लाकडी अस्तर चढते आणि आत ओक, टाइल, पितळेचे दिवे झळकू लागतात. फोम कुठे पातळ राहिला असेल तर आतली दमट हवा थंड पत्र्याला भिडते, पाणी सुटते आणि पत्रा आतून गंजतो. काही ठिकाणी फोमऐवजी पॉलिस्टायरीनच्या लाद्या लावतात. त्यांना पीव्हीसी वेष्टनाची तार टेकलेली राहिली तर वेष्टनातले मऊपणा राखणारे द्रव्य झिरपून ते कडक होते आणि तडकते. हे दोष काही वर्षांनी कळतात, आणि तेव्हा अस्तर उचकटल्यावाचून इलाज नसतो.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यार्डाच्या निवडीत उपमानाचा उपयोग थोडाच. प्रत्यक्षाचा बराच आहे, पण त्याला मुदत आहे. अस्तर चढण्यापूर्वी यार्डात गेले, दुसऱ्या कुणाची अर्धवट बोट तिथे उभी असली, तर फोमची जाडी आणि तारांची मांडणी डोळ्यांनी पाहता येते. नंतर नाही. बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हेयर अल्ट्रासाउंड यंत्राने पत्र्याची जाडी मोजतो, पण अस्तरामागे काय आहे हे त्यालाही दिसत नाही. ‘बोट सेफ्टी स्कीम’ची दर चार वर्षांनी होणारी तपासणी गॅस, इंधन आणि वीज यांच्यापासून धोका नाही ना, एवढेच पाहते. कारागिरीची ग्वाही देणे हे तिचे कामच नाही.

उरते अनुमान, आणि घोटाळा इथेच होतो. धुरावरून अग्नी कळतो, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. ओकच्या चकाकीवरून फोमचे अनुमान करणारा मात्र नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात त्याला बळी पडतो. चकाकी चांगल्या बोटीत असते तशी वाईट बोटीतही असते, म्हणून तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरा हेतू शोधायचा तर गिऱ्हाइकाने सहसा न पाहिलेल्या जागी शोधावा: बॅटऱ्यांच्या कप्प्यात तारांवर खुणेच्या चिठ्ठ्या आहेत का, जमिनीखाली डोकावायला झाकण ठेवले आहे का, त्याच यार्डातून दहा वर्षांपूर्वी निघालेली बोट आज एका बाजूला कललेली तर नाही. जो कारागीर कुणी पाहणार नाही तिथेही नीट काम करतो, तो अस्तरामागेही तसेच करत असेल, ही व्याप्ती पुष्कळ अधिक भरवशाची आहे.

प्रत्यक्षापलीकडे काही मानू नये, असे म्हणणाऱ्या चार्वाकाला एकच वाट उरते: सारे काम स्वतः करणे. असे करणारे खरोखर आहेत. स्वतःच्या वापरासाठी बांधलेली बोट पाच वर्षे विकायची नाही, या अटीवर ब्रिटिश नियमांत त्यांना सवलतही आहे. पण त्यांचीही सुटका होत नाही. पोलादाची प्रत ते कारखान्याच्या दाखल्यावरून मानतात आणि फोमचा गुण डब्यावरच्या मजकुरावरून. नॅरोबोटीतल्या जीवनाला वाचकांच्या मनात स्थान मिळवून देणारे एल. टी. सी. रोल्ट स्वतः अभियंता होते. तरी १९३९ साली आपली ‘क्रेसी’ राहण्याजोगी करायला त्यांनी बॅनबरीचे टूली कुटुंबाचे यार्ड गाठले. दुसऱ्याच्या शब्दावाचून नाव तयार होत नाही.

म्हणून शब्दप्रमाण. नैयायिकांच्या मते आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आप्त कोण, हे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात सांगितले आहे: ज्याने विषय स्वतः साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो म्हणतो. आप्तता कुळातून किंवा ग्रंथातून येत नाही, ती विषयाच्या ज्ञानातून आणि सांगण्याच्या प्रामाणिकपणातून येते. भारतीय तत्त्वज्ञानातला हा अत्यंत उदार विचार आहे आणि त्याला द्यावे तेवढे महत्त्व आपण दिलेले नाही. मिडलँड्समधला एखादा वेल्डर या व्याख्येने आप्त ठरतो, गुळगुळीत बोलणारा विक्रेता ठरत नाही. कारण फोम फवारताना तो हजरच नव्हता.

वैशेषिक आणि दिङ्नागाचे अनुयायी बौद्ध यावर आक्षेप घेतात की शब्द हे वेगळे प्रमाण नाहीच. बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेवरून केलेले ते अनुमानच आहे. युरोपात ह्यूमने १७४८ साली जवळपास हीच भूमिका घेतली, तर थॉमस रीडने १७६४ साली उत्तर दिले की दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती माणसात उपजत असते. यार्डाच्या दारात मात्र ह्यूमचे पारडे जड वाटते. नव्या बोटीबरोबर मिळणारे नियमांच्या पूर्ततेचे घोषणापत्र नॅरोबोटीच्या वर्गात बहुधा बांधणाराच स्वतःच्या सहीने देतो. त्याचे वजन सही करणाऱ्याएवढेच. सही कुणाची, हे आधी पारखावे लागते.

एक गोष्ट मात्र शब्दप्रमाणाच्या कक्षेबाहेर राहते. आप्त जे आहे ते सांगतो, पुढे काय करीन याचे वचन ही निराळी बाब आहे. यार्ड सचोटीचे असूनही दिवाळ्यात निघू शकते, आणि तेव्हा अर्धवट बोट मालकाची की धनकोंची, हे करारातल्या कलमावर ठरते. त्यासाठी दोन अटी लेखी असाव्यात: भरलेल्या प्रत्येक हप्त्याबरोबर तेवढ्या कामाची आणि सामानाची मालकी गिऱ्हाइकाकडे जाईल, आणि अस्तराचा हप्ता फोम, तारा व पाइप पाहून झाल्यावरच दिला जाईल. दुसऱ्या अटीला जे यार्ड तयार होत नाही, त्याला बोट देऊ नये.