कुंपणाचे लाकूड

दुबलगुंडीच्या परिसरात आपण अंगणाच्या कडेला मोरपंखी लावतो. मुले तिचे पान ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात. झाड मात्र तोडले, की सरळ चुलीत जाते. सागाला मान आणि कुंपणाला जाळ, हा न्याय आहे काय?

सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याच्या, तर चन्नपट्टणची काळ्या कुड्याच्या लाकडातून घडली. इमारतीसाठी या झाडांना कोणी विचारीत नाही. मोरपंखीच्या जुन्या बुंध्यातूनही अक्षतांपुरता वाडगा कातता येतो. मधला गाभा वगळून ओले लाकूड आधी जाडच कातावे. 20 सेंटिमीटर व्यासास 2 सेंटिमीटर जाडी. काही महिने सावलीत सुकताना ते वेडेवाकडे होते. मग पुन्हा कातून गोल करावे. घाई केली, की तडा गेलाच.

वाडग्यासाठी उभे झाड तोडावे, असे मी म्हणत नाही. तोडलेल्याला निरुपयोगी ठरविण्याआधी त्याला पुरेसा वेळ दिला काय, एवढेच विचारावे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आपली घरे मराठी मुलुखाच्या कडेला पडली. कडेला असणे म्हणजे हिणकस असणे नव्हे, हे आपल्याला तरी कोणी सांगावयास नको.