पराभवाचा धनी

निवडणूक हरल्यावर पक्ष फुटला की महाराष्ट्रात त्याचे कारण लगेच सांगितले जाते: सत्तेची हाव. ऐकायला हे कारण बरे वाटते, कारण सगळा दोष माणसाच्या स्वभावावर जातो आणि पक्ष नावाच्या संस्थेकडे बघावे लागत नाही. पण हाव जिंकलेल्या पक्षातही असते, आणि हरूनही न फुटलेल्या पक्षात तर ती असतेच. शिवसेनेचेच उदाहरण घ्या. 1999 साली शिवसेना-भाजप युतीची सत्ता गेली आणि सेनेला 69 जागा मिळाल्या. मुख्यमंत्रिपद गमावलेले नारायण राणे विरोधी पक्षनेते झाले, पक्ष एकसंध राहिला. 2004 मध्ये 62 जागा आल्या, म्हणजे फक्त सात कमी. तरीही पुढच्या दीड वर्षात राणे गेले, राज ठाकरे गेले आणि 9 मार्च 2006 रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेना उभी राहिली. या पाच वर्षांत हाव काही दुप्पट झाली नव्हती. बदलले होते ते पराभवाचे स्पष्टीकरण. 1999 च्या पराभवाचे कारण पक्षाबाहेर दाखवता येत होते: वेगवेगळे लढलेले काँग्रेस आणि राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले, म्हणून सत्ता गेली. 2004 साली ते दोघे निवडणुकीआधीच एकत्र होते, लोकांनी ते डोळ्यांदेखत पाहून मत दिले होते. आता कारण आत शोधणे भाग होते, आणि आत शोधण्याची सोयच पक्षात नव्हती.

ही सोय का नव्हती, हे त्या काळातल्या भांडणाच्या भाषेतून दिसते. जानेवारी 2003 मध्ये महाबळेश्वरच्या शिबिरात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. तो ठराव खुद्द राज यांनी मांडला होता. जवळपास तीन वर्षांनी पक्ष सोडताना राज यांनी तक्रार केली ती विठ्ठलाची नव्हे, त्याला घेरून बसलेल्या बडव्यांची. पंढरपूर ठाऊक असलेल्या माणसाला ही उपमा क्षणात कळते, म्हणूनच ती इतकी चालली. पण तिच्यात काय गृहीत धरले आहे? देव चुकत नाही. देवाच्या धोरणावर चर्चा होत नाही. चर्चा होते ती फक्त गाभाऱ्यात कोणाला सोडले आणि कोणाला उंबऱ्यावरून परत पाठवले याची. राणे यांचा सगळा रोखही पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर नव्हता, कार्याध्यक्षांच्या कारभारावर होता. मराठी माणसाच्या नोकऱ्या, कोकणातला विकास, शेतीचा प्रश्न, मुंबईच्या बाहेर पक्षाची घडण यांपैकी कशावर पक्षाचे चुकले, असा प्रश्न या दोन्ही बंडांत ठळकपणे पुढे आला नाही. जिथे प्रमुख चुकूच शकत नाही तिथे पराभवाचे विश्लेषण होत नाही, पराभवाला धनी शोधला जातो. मग जवळच्याने लांबच्याकडे बोट दाखवायचे आणि लांबच्याने जवळच्याकडे. हे भांडण मिटवणारे व्यासपीठ नसले की ते मिटवण्याचा एकच मार्ग उरतो: घर वेगळे करणे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या पक्षांत वाद मोकळेपणाने झाले, लेखी मांडणी झाली, ते पक्षही पराभवानंतर फुटलेच. शेतकरी कामगार पक्षाने 1950 मध्ये दाभाडी प्रबंध स्वीकारला. महाराष्ट्रात इतकी तपशीलवार वैचारिक भूमिका त्या काळी थोड्याच पक्षांकडे असेल. पण 1952 च्या निवडणुकीत मुंबई राज्यात त्यांना 14 जागांवर थांबावे लागले आणि पुढे केशवराव जेधे व शंकरराव मोरे यांच्यासारखे संस्थापक काँग्रेसमध्ये परतले. तेव्हा अंतर्गत चर्चा हा फुटीवरचा उतारा नाही, हे मला मान्य आहे. मात्र दोन फुटींत फरक आहे. शेकापमध्ये कोण कशासाठी गेला आणि कोण कशासाठी राहिला, हे सांगता येत होते, म्हणून राहणाऱ्यालाही राहण्याचे कारण होते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून आले, मध्ये पराभवही पाहिले, पण पक्ष बदलला नाही. त्यांच्यासारखी चिकाटी नुसत्या निष्ठेच्या शपथेतून येत नाही. आपण कोणत्या गोष्टीशी बांधलेले आहोत हे माणसाला ठाऊक असावे लागते.

दुसरा आक्षेप असा की यावर कायदा आहेच. 1985 च्या पक्षांतरबंदीत एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मुभा होती, ती 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. कायदा कडक झाला हे खरे. राणे यांनी म्हणूनच आमदारकी सोडून मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. पण कायद्याला दिसतो तो आमदार. शाखेत बसणारा, रेशनकार्डापासून रुग्णालयातल्या खाटेपर्यंत लोकांची कामे करणारा कार्यकर्ता त्याला दिसत नाही. या माणसाचे पक्षातले मत नोंदवण्याची जागाच नसेल तर काय होते, ते 2023 मध्ये कळले. आदल्या वर्षी शिवसेनेत पडलेली फूट पराभवातून आलेली नव्हती, तरी शिवसेना कोणाची हे ठरवताना निवडणूक आयोगाला पक्षाची घटना आणि संघटनेतले बहुमत यांवर विसंबता आले नाही. निर्णय आमदार-खासदारांच्या संख्येवर झाला. लाखो शिवसैनिकांच्या पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण कोणाकडे जावे, यात त्या शिवसैनिकांची मोजणी झाली नाही. मला ही गोष्ट कोणत्याही गटाच्या जय-पराजयापेक्षा जास्त गंभीर वाटते.

आणि फुटीची किंमत मतपेटीतही मोजावी लागते. 2009 च्या लोकसभेत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेस आघाडीकडे गेल्या. त्याच वर्षी विधानसभेत मनसेला 13, सेनेला 44 आणि भाजपला 46 जागा मिळाल्या. युतीतले सेनेचे मोठ्या भावाचे स्थान गेले आणि विरोधी पक्षनेतेपद भाजपकडे आले. मराठी मतांची विभागणी हे या निकालाचे एकमेव कारण नव्हते, पण ते बाजूला ठेवून तो निकाल समजतही नाही.

बडव्यांविरुद्ध तक्रार करून निघालेल्या पक्षाला आपली रचना वेगळी ठेवण्याची संधी होती. मनसेतही अध्यक्षाचा शब्द अखेरचा राहिला. 2014 मध्ये 13 जागांची एक झाली आणि पहिल्या फळीतले चेहरे एकेक करून दुसरीकडे गेले. 2017 मध्ये मुंबई महापालिकेत सात नगरसेवक निवडून आले. त्यांतले सहा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिवसेनेत गेले.